संकेतस्थळासाठी काढलेली चित्रे ग्राहकाने पाकिटांवर छापली: हक्क, सोर्स फाइल आणि थकलेली रक्कम

रेषा_सांगली

नमस्कार. मी सांगलीत राहून संकेतस्थळांची रचना आणि चित्रांकन अशी दोन्ही कामे स्वतंत्रपणे करते. उपयोजित कलेचे शिक्षण झाल्यावर काही काळ पुण्यातील एका जाहिरात संस्थेत नोकरी केली, पण तिथे चित्र काढून दिले की आपला संबंध संपत असे, त्यामुळे पुढे उपस्थित झालेले प्रश्न मला कधी विचारावेच लागले नव्हते.

गेल्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील एका मसाले उत्पादकाचे संकेतस्थळ तयार केले. कोटेशनमध्ये ‘संकेतस्थळाची रचना, त्यासाठी बारा चित्रे, मराठी व इंग्रजी मजकुराची मांडणी’ असे एकत्र लिहून ८५,००० रुपये सांगितले होते. त्यावर ‘मंजूर आहे, काम सुरू करा’ एवढेच उत्तर ई-मेलने आले आणि निम्मी रक्कम आगाऊ मिळाली. वेगळा करार झाला नाही. संकेतस्थळ सुरू होऊन तीन महिने उलटले, तरी उरलेले ४२,५०० रुपये आलेले नाहीत, आणि आता ‘सगळ्या चित्रांच्या सोर्स फाइल पाठवा, मग हिशेब मिटवू’ अशी अट घातली जात आहे (सोर्स फाइल म्हणजे चित्राची बदल करता येणारी मूळ फाइल). दरम्यान त्यांतील दोन चित्रे कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटांवर छापलेली मला दुकानात दिसली. छपाई धूसर आहे आणि हळदीचा पिवळा रंग मळकट उतरला आहे. विचारणा केल्यावर ‘चित्रांचे पैसे दिले आहेत, म्हणजे ती आमचीच झाली’ असे सांगण्यात आले.

या चित्रांवर हक्क कोणाचा, सोर्स फाइल देणे मला बंधनकारक आहे का, आणि राहिलेली रक्कम कोणत्या मार्गाने मागावी, हे जाणकारांनी सांगावे. हा ग्राहक मला गमवायचा नाही. आमच्या भागात पुढचे काम मागच्या ग्राहकाच्या शब्दावरच मिळते, म्हणून पहिल्याच पत्रात वकिलाचे नाव यावे असे मला वाटत नाही.

कुंचला

मी बरीच वर्षे पाठ्यपुस्तके, दिवाळी अंक आणि वेष्टने यांसाठी चित्रे काढतो. ‘पैसे दिले म्हणजे चित्र आमचे’ हे वाक्य मीही असंख्य वेळा ऐकले आहे. भिंतीवर लावण्यासाठी चित्र विकत घेणाऱ्याला त्याची दिनदर्शिका छापून विकण्याचा हक्क मिळत नाही, हे बहुतेकांना पटते. मात्र चित्र संगणकावरची फाइल झाले की हा फरक धूसर होतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला हक्क तिच्या निर्मात्याकडे असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो आणि पुण्याच्या नोकरीत तुमच्याबाबत नेमके हेच घडत होते. स्वतंत्रपणे काम करणारी व्यक्ती ग्राहकाची नोकर नसते, ती केवळ त्याला सेवा पुरवते, म्हणून हा अपवाद तुम्हाला लागू होत नाही.

तरीही इथे एक खाचखळगा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. त्याच कलमातील दुसऱ्या अपवादानुसार मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून घेतलेले छायाचित्र किंवा काढलेले रंगचित्र वा व्यक्तिचित्र यांचा पहिला हक्क, त्याविरुद्ध करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. कायद्यात कलाकृतीची व्याख्या करताना ‘रंगचित्र’ आणि ‘रेखाचित्र’ हे दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत, परंतु या अपवादात रेखाचित्राचा उल्लेख नाही. तुमची चित्रे रेषाप्रधान असतील तर ती या अपवादाबाहेर राहतात, असा युक्तिवाद तुमच्या बाजूने करता येईल. जलरंगासारखी रंगवलेली असतील तर समोरचा वकील नेमके याच अपवादावर बोट ठेवेल. म्हणूनच हक्क नि:संशय तुमचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ एवढी एक ओळ कोटेशनमध्ये असती आणि ग्राहकाने ते मंजूर केले असते, तर हा वाद उद्भवलाच नसता. ई-मेलने झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अमान्य ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

आता हक्क तुमच्याकडे आहे असे धरून पुढे पाहू. कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीने व्हावे लागते. तुम्ही अशी सही केलेली नाही, म्हणून हस्तांतरण झालेले नाही. संकेतस्थळासाठी पैसे घेऊन चित्रे दिली, त्यामुळे संकेतस्थळावर वापरण्याची अनुमती तुम्ही दिली हे उघड आहे, आणि कोटेशनमधील ‘त्यासाठी’ हा शब्द इथे तुमच्या फार उपयोगाचा आहे, कारण चित्रे कशासाठी होती हे त्यातच लिहिलेले आहे. पाकीट हा त्याबाहेरचा वापर झाला.

याखेरीज कलम ५७ मुळे, हक्क पुढे देऊन टाकले तरी, आपल्या कामाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीस हरकत घेण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. नुसता रंग मळकट आला म्हणून या कलमाचा आधार घेऊ नये. चित्र कापून, उलटे करून किंवा त्यात भलतेच काही घालून वापरले असेल, तर गोष्ट वेगळी.

माझा सल्ला असा की हक्काचा वाद उकरण्याऐवजी पाकिटांवरील वापरासाठी परवान्याचे शुल्क मागावे. शुल्क चित्रावर किती तास गेले यावर नव्हे, तर ते कुठे, किती काळ आणि किती प्रदेशात वापरले जाणार यावर ठरते. एका तालुक्यात विकल्या जाणाऱ्या पाकिटाचा आणि राज्यभर जाणाऱ्या पाकिटाचा दर एकच असण्याचे कारण नाही.

भट्टी_इचलकरंजी

मी चित्रकार नाही. बेकरी चालवतो आणि अशा कामांचा ग्राहक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमच्यासारख्या माणसाला ‘बारा चित्रे’ असे लिहून दिले की तो बारा नग असेच वाचतो. चित्र संकेतस्थळावर चालते आणि खोक्यावर चालत नाही, हे मला एकाही डिझायनरने काम सुरू होण्यापूर्वी सांगितलेले नाही. सोर्स फाइलचा हट्टही सगळा लबाडीतून येत नाही. आमच्या पहिल्या संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे त्याचा पत्ता, ते करणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले होते. पुढे त्याने फोन उचलणे बंद केले आणि आम्हाला नवा पत्ता घ्यावा लागला. एकदा असे झाले की माणूस सगळ्याच फाइली आपल्या ताब्यात मागतो.

आपण ग्राहक टिकवू इच्छिता, तर एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्यावी. मसाल्याची चकचकीत पाकिटे बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगासाठी धातूचा वेगळा कोरीव सिलिंडर लागतो, त्याचा खर्च मोठा असतो आणि छपाईवाले मालही कमीतकमी ठरावीक वजनाचाच घ्यायला लावतात. त्यामुळे ‘पाकिटे मागे घ्या’ असे आपण म्हटलेत तर तो माणूस घाबरून वकिलाकडेच जाईल. ‘पाकिटे राहू द्या, त्यांचे शुल्क ठरवू’ असे म्हटलेत तर बसून बोलेल. शक्य असल्यास हिशेबनिसाऐवजी थेट मालकाशी बोलावे. हिशेबनिसाला देयक लांबवण्याचेच काम दिलेले असते.

पानरचना

ताई, पाकिटावरची छपाई धूसर आली आणि त्यांना सोर्स फाइल हव्या झाल्या, या दोन बाबी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. संकेतस्थळ जलद उघडावे म्हणून आपण चित्रे लहान करून चढवतो. समजा चित्र १,२०० पिक्सेल रुंद आहे. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ते जेमतेम ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर रुंदीपर्यंतच स्वच्छ छापता येते, आणि त्यातही वेबपीसारख्या स्वरूपात दाबलेल्या चित्राच्या कडा मोठे करताच विसविशीत होतात. रंगांचेही तसेच. पडदा लाल, हिरवा, निळा या प्रकाशातून रंग दाखवतो आणि छपाई चार शाईंतून, म्हणून पडद्यावरचा झळाळता पिवळा किंवा केशरी कागदावर मंद होतो. छपाईवाल्याने त्यांना ‘मूळ फाइल आणा’ असे सांगितले असणार, आणि तेच त्यांनी तुमच्यापुढे अट म्हणून ठेवले असणार.

हे ध्यानात घेतले तर वाटाघाटीची वाट सापडते. त्यांना तुमच्या लेअरसहित (चित्राचे थर सुटे ठेवलेल्या) फाइलची गरज नाही; छपाईयोग्य, चार शाईंसाठी रंग जुळवलेली आणि पुरेशा आकाराची पीडीएफ पुरेशी आहे. ती तयार करणे हे वेगळे काम आहे, त्याचे वेगळे बिल होते, आणि रंग स्वतः जुळवल्यामुळे तुमचे चित्रही नीट दिसते. लेअरसहित फाइलमध्ये तुमचे ब्रश, फसलेले प्रयत्न, काम करण्याची पद्धत असे सारे असते. करारात कबूल केलेले नसेल तर ती देणे बंधनकारक मानण्याचे मला कारण दिसत नाही. चित्र वेक्टर स्वरूपात, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा व आकार यांच्या रूपात साठवलेले, असेल तर अधिक जपावे, कारण ते कितीही मोठे करता येते आणि त्यातील मिरची सुटी करून तिसऱ्याच उत्पादनावर बसवायला दोन मिनिटे लागतात.

मात्र संकेतस्थळाच्या बाबतीत मी भट्टी यांच्या बाजूचा आहे. डोमेन ग्राहकाच्या नावावर आणि त्याच्याच ई-मेलवर घ्यावे, होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ जिथे ठेवले जाते त्या सर्व्हरचे, खाते त्याचे असावे, वर्डप्रेस वापरले असेल तर प्रशासकाचा परवलीचा शब्द त्याच्याकडे असावा, आणि काम संपताना या सगळ्याचे एक पान लिहून द्यावे. थकलेल्या पैशांसाठी संकेतस्थळ बंद पाडण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नये. दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रणेत अनुमतीशिवाय हात घातला तर फिर्यादी असणारी व्यक्ती आरोपी होते.

अक्षरांकडेही एकदा पाहून घ्यावे, कारण पाकिटावर चित्रासोबत संकेतस्थळावरचे मराठी शीर्षकही उचललेले असण्याची शक्यता आहे. मुक्त किंवा बलू यांसारखे गूगल फाँट्सवर मिळणारे देवनागरी फाँट खुल्या परवान्याचे आहेत, ते छपाईत वापरायला अडचण नाही. विकत घेतलेल्या फाँटचा वेब परवाना मात्र छपाईला लागू असेलच असे नाही, आणि तो तुमच्या नावावर असेल तर तुम्हालाच उत्तर द्यावे लागेल. जाता जाता एक सांगतो, तुमचा विषय नसला तरी राहवत नाही: पाकिटे रचणाऱ्यांनी अक्षरांतील अंतर वाढवून शिरोरेषा तोडली नाही ना, तेही बघा. लॅटिन लिपीची ती सवय देवनागरीवर लादलेली पाहिली की माझे मसाल्यावरचे लक्ष उडते.

ताळेबंद

थकलेल्या रकमेविषयी. प्रथम कर कापला गेला आहे का, ते पाहावे. व्यावसायिक सेवेचे देयक वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाले तर, ज्या ग्राहकावर कर कापण्याचे बंधन आहे, त्याने १० टक्के कापून सरकारकडे भरायचे असतात. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. ८५,००० वर ८,५०० रुपये होतात. ते कापले असतील तर तुमच्या नावावर आयकर खात्याच्या करकपातीच्या विवरणात दिसतील आणि तुम्हाला प्रत्यक्ष येणे ३४,००० राहील. कापलेच नसतील तर पूर्ण ४२,५०० मागावेत.

वस्तू व सेवा कराची नोंदणी तुमची नसावी असे दिसते. सेवा देणाऱ्याची एकूण वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे ती बंधनकारक नाही, आणि दुसऱ्या राज्यातील ग्राहकाला सेवा दिल्यानेही ती बंधनकारक होत नाही. नोंदणी नसताना बिलात हा कर लावू नये.

खरे बळ सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे. सेवा पुरवणारी एकटी व्यक्तीही सरकारच्या उद्यम संकेतस्थळावर आधार आणि पॅन यांच्या साहाय्याने नि:शुल्क नोंदणी करू शकते. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ठरलीच नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत देयक द्यावे लागते. ‘आम्ही काम स्वीकारलेच नव्हते’ ही सबब इथे सहज चालत नाही, कारण काम पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते पोचले त्या दिवशीच स्वीकारले असे धरले जाते. उशीर झाल्यास कलम १६ अन्वये रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार, अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या, राज्याच्या सुविधा परिषदेकडे सरकारी संकेतस्थळावरून करता येते, आणि परिषदेचा निवाडा न्यायालयात आव्हानित करायचा असेल तर ग्राहकाला आधी त्यातील ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते.

तुमची नोंदणी या कामाच्या आधीची आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. काम झाल्यावर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या देयकाला मिळतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, म्हणून नंतरच्या नोंदणीवर विसंबून राहू नये. आधीची असेल तर बिलावर उद्यम क्रमांक छापून बिल पुन्हा पाठवावे आणि शेजारी एकच वाक्य लिहावे की मुदतीत न दिलेल्या देयकाचा खर्च, प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत, आयकरात वजा मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म व लघु उद्योगांच्या देयकांना हा नियम लागू आहे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून पत्रात क्रमांक न घालता मजकूरच लिहावा. वकिलाचे नाव न घेता ग्राहकाचा लेखापाल हे वाक्य मालकापर्यंत आपोआप नेतो.

परवान्याच्या शुल्काचे बिल मात्र स्वतंत्र करावे. दोन्ही एकत्र केले तर परवान्यावरच्या घासाघिशीत जुनी, निर्विवाद थकबाकीही अडकून पडेल.

रेषा_सांगली

सर्वांचे मन:पूर्वक आभार. माझी उद्यम नोंदणी हे काम मिळण्यापूर्वीचीच आहे, फक्त तिचा उल्लेख बिलावर नव्हता. चित्रे रेषा आणि सपाट रंग अशा पद्धतीची आहेत.

उद्यम क्रमांकासह बिल पुन्हा पाठवले आणि मालकांशी फोनवर बोलले. कर कापलेला नव्हता. थकबाकी पुढच्या आठवड्यात देतो असे त्यांनी सांगितले आहे, आणि धूसर छपाईचा विषय काढल्यावर, छपाईवाला मूळ फाइल मागत होता हेही त्यांनी मान्य केले. पाकिटांचे शुल्क द्यायला ते तत्त्वत: तयार आहेत, परंतु ही चित्रे मी दुसऱ्या कोणत्याही मसालेवाल्याला देऊ नयेत अशी त्यांची अट आहे. शिवाय ते दुबईतील एका मराठी दुकानदारालाही माल पाठवतात. आधीच छापून विकल्या गेलेल्या पाकिटांचे काय करावे आणि हे सगळे कोणत्या शब्दांत लिहावे?

कुंचला

दुसऱ्या मसालेवाल्याला न देण्याची अट रास्त आहे आणि ती मान्य करावी, पण तिला वस्तूंच्या प्रकाराची मर्यादा घालून आणि शुल्क वाढवून. मसाले, चटण्या व लोणची एवढ्यांपुरता परवाना त्यांचा एकट्याचा राहील. तीच मिरची तुम्ही शुभेच्छापत्रावर किंवा मुलांच्या पुस्तकात वापरू शकाल.

काळ आणि प्रदेश न लिहिल्यास कायद्यानुसार अनुक्रमे पाच वर्षे आणि भारत असे धरले जाते, आणि हा नियम परवान्यालाही लागू होतो. दुबईला माल जात असल्याने प्रदेश लिहिणे त्यांच्याच हिताचे आहे. आधीच्या पाकिटांसाठी, परवाना पहिल्या छपाईच्या तारखेपासून लागू होईल असे लिहावे, म्हणजे जुना वापरही त्यात येतो आणि कोणाला दोष द्यावा लागत नाही. मी साधारण असा मजकूर वापरतो, तो आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावा:

‘सोबतच्या यादीतील चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ठरलेले पूर्ण शुल्क मिळाल्यावर ग्राहकाला ही चित्रे मसाले, चटण्या व लोणची यांच्या वेष्टनांवर आणि त्यांच्या जाहिरातींत, भारत व संयुक्त अरब अमिराती या प्रदेशांत, पहिल्या छपाईच्या तारखेपासून तीन वर्षे वापरता येतील. या वस्तूंसाठी या मुदतीत चित्रकार ती अन्य कोणास देणार नाही. चित्रकाराच्या लेखी संमतीवाचून चित्रांत बदल करू नये, ती तिसऱ्या व्यक्तीस देऊ नयेत आणि प्रतिमा निर्माण करणाऱ्या संगणक प्रणालीस पुरवू नयेत. मुदत संपताना छापून तयार असलेला माल संपेपर्यंत विकता येईल.’

शेवटचे वाक्य गाळू नये. ग्राहकाला सर्वांत मोठी धास्ती गोदामात पडलेल्या पाकिटांचीच असते. यादीत प्रत्येक चित्राची लहान प्रतिमा जोडावी आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत आपले नाव यावे अशी इच्छा असेल, तर ती नवे सिलिंडर कोरायला जाण्यापूर्वी सांगावी, कारण त्यानंतर एका ओळीसाठीही सिलिंडर नव्याने करावा लागतो आणि तो खर्च आपल्यासाठी कोणी करणार नाही.